कारणाचा रकाना

आमची मुलगी गेलं वर्षभर दर रविवारी पहाटे डोंगरावर जाते. ज्या ग्रुपबरोबर जाते त्यांची जाहिरात मी तिच्या फोनवर पाहिली आहे. ‘नाश्त्याला गरम पोहे आणि स्वतःशी भेट’ असं तिच्यात एकाच ओळीत लिहिलेलं असतं, म्हणजे दोन्ही गोष्टी पायथ्याच्या गावात एकाच खानावळीत मिळत असाव्यात. सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट देतात, वरून ड्रोन फिरवतात आणि खाली उतरल्यावर प्रमाणपत्रही देतात. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतली अर्धी तरुण मंडळी अशी आठवड्यातून एकदा स्वतःला भेटून येतात आणि सोमवारी ओळख न दाखवता कामाला जातात.

मुलगी दाराशी चपलांच्या कपाटावर बसून बुटांच्या नाड्या बांधते तेव्हा मी सोफ्यावर पेपर उघडून बसलेला असतो. साडेपाचला ताजा पेपर आलेला नसतो, म्हणून कालचाच. मुलं मोठी झाली की त्यांच्या आयुष्यात ढवळाढवळ करू नये, अशा मताचा मी आहे. हे मत मला फार सोयीचं पडतं. “येते,” एवढं ती म्हणते, “हं,” एवढं मी म्हणतो आणि दार लागतं. अलीकडे तिला नाड्या बांधायला बराच वेळ लागतो. हल्लीच्या बुटांना नाड्याही भलत्या लांब देतात.

अशा वेळी मला आमच्या स्टोअरच्या साहेबांची आठवण होते. त्यांनी या टी-शर्टवाल्यांना पायथ्याशी गाठलं असतं, तर त्यातले निम्मे लोक तिथूनच परत फिरले असते.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत मी खरेदी विभागात होतो आणि साहेब स्टोअरकीपर होते. अंगाने काडी, कानावर पेन्सिल, चष्म्याला दोरी. स्टोअरला जाळीचं दार होतं आणि त्या जाळीत एक छोटी खिडकी. त्या खिडकीपलीकडे साहेब उभे असत. बसलेले मी त्यांना क्वचितच पाहिले. साधा बोल्ट हवा असला तरी चिठ्ठी भरावी लागे. माल, नग आणि कारण असे त्या चिठ्ठीत तीन रकाने. जगातल्या सगळ्या स्टोअरमध्ये तिसरा रकाना लोक रिकामा सोडतात किंवा त्यात एक आडवी रेघ मारतात. आमच्याकडे तशी चिठ्ठी खिडकीतून परत येत असे.

“बोल्ट तुटला, साहेब.”

“तुटला हे कारण नव्हे, हा निकाल आहे. का तुटला ते लिहा.”

एकदा खुद्द जनरल मॅनेजर पेन्सिल सेल घ्यायला आले. त्यांनी नग चार आणि कारण ‘अत्यावश्यक’ असं लिहिलं. साहेबांनी चिठ्ठी नम्रपणे परत सरकवली. “हा आपला स्वभाव झाला, सर. कारण लिहा.” मॅनेजरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण कामगार रांगेत उभे राहून बघत होते. शेवटी त्यांनी ‘केबिनमधलं घड्याळ बंद आहे’ असं लिहिलं. साहेबांनी एक सेल दिला. घड्याळाला एकच लागतो. उरलेले तीन कुठे जाणार होते ते दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.

मागितलं तेवढं द्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. दहा वायसर मागितले की पाच. कोणी कुरकुर केली तर म्हणत, “माणूस मागतो ना, त्यात निम्मी गरज असते आणि निम्मी भीती. गरज मी देतो. भीतीचा साठा माझ्याकडे नाही.” आश्चर्य म्हणजे पाचात काम भागत असे.

हाच माणूस रविवारी लोकांना डोंगरावर नेत असे. शनिवारी नोटीस बोर्डावर त्यांच्या अक्षरातला कागद लागायचा : ‘उद्या डोंगर. खोपट डेपो, सकाळची पहिली शहापूर गाडी. येणाऱ्याने कारणासह यावे.’ ऑफिसातले चारपाच आणि ऐकून ऐकून आलेले बाहेरचे दोनतीन, एवढाच जमाव असे. साहेबांच्या पायात कॅनव्हासचे बूट, पाठीवर कांदे-बटाट्यांची पिशवी. वर पोचल्यावर सगळे कड्यावर जाऊन हात पसरून उभे राहत आणि साहेब दरीकडे पाठ करून कांदा चिरायला बसत. “साहेब, बघा तरी काय दिसतंय!” असं कोणी ओरडलं की म्हणत, “डोंगर खालूनच चांगला दिसतो. वर आल्यावर तो दिसायचा बंद होतो.” त्यांना डोंगर आवडतो की नाही, हेच कोणाला कधी कळलं नाही.

खरा कार्यक्रम पायथ्याशी व्हायचा. झाडाखाली सगळ्यांना गोल उभं करायचे आणि एकेकाकडे बघून विचारायचे, “कारण?”

आठवडाभर राबून, रविवारची झोप मोडून, धापा टाकत तू हा डोंगर का चढणार आहेस, ते सांगायचं. कारण पटलं तर साहेब “मंजूर” म्हणत. ज्याचं पटलं नाही, त्याने खिचडीचा टोप पाठीवर घ्यायचा. दहा माणसांचा तो जाड टोप सुतळीने बांधलेला असे, आत डाव आणि झाकण. पावलागणिक खणखण वाजायचा. म्हणजे खोटं कोण बोललं ते पंचक्रोशीला कळत असे.

आयटीत काम करणारा एक कल्याणचा मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा डोळे मिटून म्हणाला, “सर, मला स्वतःला शोधायचंय.”

“शेवटचे कुठे दिसला होतात?”

“म्हणजे?”

“हरवलात ना? मग शेवटचे कुठे होतात ते आठवा.”

पोराने प्रामाणिकपणे विचार केला. “शीळफाट्याला असेन, सर. रोज दोन तास तिथेच असतो ट्रॅफिकमध्ये.”

“मग तिथे शोधा. इथे कशाला वर चढताय? टोप घ्या.”

निसर्गाची ओढ, मोकळी हवा, आव्हान, थरार, ताण घालवणं ही सगळी कारणं नामंजूर. “ओढ आहे तर सोमवारी कशी नसते?” असं विचारत. एका मिशीवाल्या गृहस्थांनी “मला भीतीवर मात करायचीय” म्हणून छाती पुढे काढली. साहेबांनी विचारलं, “कोणाच्या?” गृहस्थांनी आपणहून टोप उचलला. उलट अकाउंट्समधल्या एक मॅडम होत्या, त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “रविवारी आमच्याकडे नऊ माणसं जेवायला असतात. इथे खिचडी दुसरं कोणीतरी करतं.” साहेबांनी जवळजवळ हात जोडले. त्या मॅडमच्या पाठीवर टोप कधी गेला नाही.

आता माझं सांगतो. मी तीन वर्षं त्या ग्रुपबरोबर गेलो आणि तीन वर्षं, मधूनअधून तो आयटीवाला सोडला, तर टोप माझ्याच पाठीवर होता.

माझं कारण मला पक्कं ठाऊक होतं. आई आधीच गेलेली. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन ते अंथरुणाला खिळले होते. बोलणं बोबडं झालं होतं, उजवी बाजू गेली होती. आठवडाभर त्यांचं सगळं करायला एक मावशी यायच्या. रविवारी मावशींची सुट्टी. म्हणजे रविवारी त्यांना आंघोळ घालणं, कपडे बदलणं आणि बाकीचं सगळं घरच्यांवर. घरचे म्हणजे मी. आणि रविवारी मी डोंगरावर. मग ते बायकोच्या गळ्यात पडायचं, एका हाताला लहानगी मुलगी असताना. ती एकदाही तोंड उघडून काही बोलली नाही. नुसता डबा भरून द्यायची, आणि त्या डब्याचंच मला जास्त ओझं व्हायचं.

हे पायथ्याशी सातआठ जणांपुढे कोण सांगणार? मी “व्यायाम” म्हणायचो. साहेब माझ्याकडे बघायचे आणि नुसती टोपाकडे मान हलवायचे. पुढे पुढे मी कारण सांगायच्या आधीच सुतळी खांद्यावर घ्यायला लागलो.

टोप साहेबांच्या घरी बाळकुमला असायचा, आणि कायमचा हमाल म्हणून तो आणायचं कामही माझ्याकडे आलं. पहाटे मोटरसायकल काढून मी डोंबिवलीहून बाळकुमला जायचो आणि तिथून आम्ही दोघं खोपटला. साहेब दारातच स्टुलावर बसून नाड्या बांधत असायचे. काय तो सोहळा! एक नाडी ओढायची, सारखी करायची, पुन्हा सोडायची. दहा मिनिटं सहज जायची. आत दिवा लागलेला असायचा, कोणीतरी उठून पाणी पीत असायचं, टीव्हीवर भक्तिगीतं चालू असायची. मी टोप घेऊन ताटकळत उभा. स्टोअरकीपरची नीटनेटकेपणाची खोड, असं म्हणून मी ते सोडून दिलं. ऑफिसात त्यांच्या नाड्या बांधण्याची नक्कल करून मी लोकांना हसवतही असे.

मग तो रविवार आला. त्या दिवशी आम्ही सातजण होतो. मॅडमचं मंजूर झालं. आयटीवाला म्हणाला, “सर, खरं सांगू? ऑफिसमधले सगळे जातात. सोमवारी सगळ्यांना दाखवायला माझ्याकडे पण फोटो पाहिजेत.” साहेबांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि मंजूर केलं. एकेक करत सगळ्यांची मंजूर झाली. मी शेवटचा.

“व्यायाम,” मी म्हणालो.

“तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, तीन मजले चढतोस. व्यायामाला आणखी काय पाहिजे?”

एरवी मी हसून टोप उचलला असता. पण त्या पहाटे घरून निघताना एक गोष्ट झाली होती. मी जोडे हातात घेऊन दाराशी आलो तेव्हा बाबा जागे झाले आणि त्यांनी मला हाक मारली. नाव पूर्ण येत नव्हतं त्यांना, पहिलंच अक्षर आलं. दोनदा आलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. खाली उतरलो आणि गाडी सुरू न करता गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली, म्हणजे वर आवाज जाऊ नये. बत्तीस वर्षांचा बाप्या माणूस, चोरासारखा स्वतःची गाडी ढकलत होता.

ते सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. “साहेब, रविवारी मावशी येत नाहीत. बाबांचं सगळं माझ्यावर येतं आणि ते मला करवत नाही. त्यांना तसं उघडं बघवत नाही मला. म्हणून मी येतो. डोंगरबिंगर काही नाही.” आणि मग गाडी ढकलल्याचंही सांगितलं.

आयटीवाला पायाने माती उकरत होता. मला वाटलं, आता साहेब चांगलं फैलावर घेतील, नाहीतर पाठीवरून हात फिरवून ‘होतं असं’ म्हणतील. दोन्हीची मला भीती वाटत होती. साहेबांनी कानावरची पेन्सिल काढली. लिहायला कागद नव्हता, तरी काढली.

“मंजूर. नग किती?”

“म्हणजे?”

“महिन्याचे किती रविवार मागतोयस?”

“चारही घेतोय की, साहेब.”

“दोन मिळतील,” ते म्हणाले आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.

मग त्यांनी खाली वाकून टोप उचलला, सुतळी खांद्यावर घेतली आणि चालायला लागले. आम्ही सगळे त्यांच्या मागे धावलो, अहो साहेब, आमच्याकडे द्या. ते म्हणाले, “नियम आहे. ज्याचं कारण मंजूर नाही त्याने उचलायचा.”

मॅडमनी विचारलं, “मग तुमचं कारण सांगा ना, साहेब.”

“माझ्या चिठ्ठीवर सही करायला वर कोणी नाही,” ते म्हणाले. त्या दिवशी पूर्ण चढणभर टोप आमच्या पुढे वाजत गेला, आणि साहेब त्याखाली इतके किडकिडीत दिसत होते की आम्हाला मान वर करून बघवेना.

पुढच्या रविवारी मी घरी राहिलो. बाबांना आंघोळ घालायला घेतली आणि पहिल्याच मिनिटाला साबण त्यांच्या डोळ्यात घातला. बाबांनी मला एक सणसणीत शिवी दिली. कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला स्पष्ट शब्द. बायको आतून धावत आली, तर आम्ही दोघं ओलेचिंब होऊन हसत होतो. त्या दिवशी दुपारी ती पडल्या पडल्या झोपली ती चार वाजताच उठली. लग्नानंतर तिला दुपारी झोपलेलं मी प्रथमच पाहत होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

एका संध्याकाळी साहेब न कळवता घरी हजर झाले. बाबांच्या पलंगाशेजारी उभे राहिले आणि चहा यायच्या आधीच विचारते झाले, “तुमचा मुलगा दर रविवारी डोंगरावर का पळायचा, ठाऊक आहे?”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, “ठाऊक आहे. माझा बाप दोन वर्षं पडून होता. लांज्याला. मी भजनी मंडळात शिरलो.” थोडं थांबून दम घेतला. “मला टाळ पण धड वाजवता येत नव्हता.”

“मंजूर,” साहेब म्हणाले. बाबा चेहऱ्याच्या चालत असलेल्या बाजूने हसले.

त्यानंतर दीड वर्षाने बाबा गेले. निम्मे रविवार मला बाबांबरोबर मिळाले आणि निम्मे मी डोंगरावर घालवले. ते निम्मे आजही सलतात. पण साहेबांनी चारही रविवार घरी बस म्हणून सांगितलं असतं, तर मी महिनाभरात काहीतरी नवीन निमित्त काढून पळालो असतो, हेही मी जाणतो. दोनात माझं भागलं.

साहेब निवृत्त झाले, गुडघे गेले, ग्रुप मोडला. कंपनीही पुढे दुसरीकडे हलली. मध्ये बरीच वर्षं फोनवर शुभेच्छा पाठवण्यापलीकडे काही झालं नाही. या दिवाळीनंतर मी बाळकुमला त्यांना भेटायला गेलो. त्यांच्या जुन्या इमारतीच्या जागी मोठं कॉम्प्लेक्स झालंय, साहेब आता चौदाव्या मजल्यावर राहतात. वहिनींनी हसून चहा दिला, मुलाने खोलीतून डोकावून “काका, बसा हं, मीटिंग आहे” म्हटलं, सुनेने चकल्या आणून ठेवल्या. घर छान, माणसं छान. साहेब बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. त्यांना इतका वेळ बसलेलं बघायची मला सवय नव्हती.

गप्पांत डोंगराचा विषय निघाला. मी थट्टेत म्हणालो, “साहेब, तुमचं कारण तेवढं राहून गेलं.”

ते खाली दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “तू टोप न्यायला यायचास तेव्हा मी नाड्या बांधत असायचो, आठवतं?”

“आठवतं तर. दहा मिनिटं.”

“तू यायच्या आधीची दहा धरली नाहीस. आमच्या घरात कोणी वाईट नाही रे. सगळे समजूतदार. त्यांची आवड आहे, जाऊ दे, असं म्हणायचे. मी दारात बसून नाड्या बांधायचो. वाटायचं, आतून कोणीतरी येईल आणि म्हणेल, अहो, रविवारचं घर सोडून कुठे चाललात? का चाललात? कोणी विचारलं असतं तर मी बूट काढूनच ठेवणार होतो. मला डोंगर कुठे आवडतो?” ते थोडं हसले. “मला तीस वर्षं कोणी विचारलं नाही. मग मीच लोकांना विचारत सुटलो.”

त्या नाड्यांची मी नक्कल करत होतो, लोक हसत होते, ते सगळं आठवलं. निघताना त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, “मंजूर, साहेब.” त्यांनी मान हलवली, पण ती मंजुरी उशिरा आली होती आणि ते दोघांनाही कळत होतं.

लगेचच्या रविवारी पहाटे मी त्यांना फोन लावला. पेपर मांडीवर, फोन स्पीकरवर. ते जागेच होते.

“साहेब, कुठे चाललात?”

“बाल्कनीपर्यंत.”

“कारण?”

“हवा खायला.”

“हे कारण झालं का? टोप घ्या पाठीवर.”

साहेब मोठ्याने हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना वरच्या कड्यावरही ऐकलं नव्हतं. मीही हसलो, आपण कोणासाठी तरी काहीतरी करतोय म्हणून मनातल्या मनात फुगलो, आणि पेपर बाजूला ठेवताना माझी नजर दाराकडे गेली.

मुलगी चपलांच्या कपाटावर बसली होती. एका बुटाची नाडी बांधून झालेली, दुसरीची दोन्ही टोकं हातात तशीच. ती बांधत नव्हती. आमचं बोलणं ऐकत होती, आणि मी बघतोय हे लक्षात येताच घाईघाईने गाठ मारायला लागली.

किती रविवार ती तिथे अशी बसत होती, आणि मी कालचा पेपर वाचत होतो!

“साहेब, एक मिनिट,” असं म्हणून मी उठलो. फोन हातात तसाच. दाराशी जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसलो. गुडघे कुरकुरले.

“कुठे चाललीस गं?”

“बाबा, तुला माहितीये ना. ट्रेकला.”

“का?”

तिने माझ्याकडे नीट बघितलं, मी थट्टा करतोय की रागावलोय ते तपासल्यासारखं. फोनमधून साहेबांचा बारीक आवाज आला, “व्यायाम म्हणाली तर मंजूर करू नकोस.”

तिला हसू आलं, मग ते गेलं. ती खाली वाकली आणि बांधून झालेल्या बुटाची नाडी सोडायला लागली.